फळाची अपेक्षाच सोडायची तर मग मन लावून काम करायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की परीक्षेचा अभ्यास करताना घरचे सारखं गीतेतलं ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ (तुझा हक्क फक्त कामावर, फळावर नाही) ऐकवतात, पण पास व्हायची इच्छाच नसेल तर पहाटे उठून पुस्तक उघडणार कोण? रास्त प्रश्न आहे. मला वाटतं हा सगळा घोळ अर्धाच श्लोक ऐकल्यामुळे होतो. पहिली ओळ सगळ्यांना पाठ, पण त्याच श्लोकाचा शेवट आहे ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, म्हणजे काही न करण्यातही अडकू नकोस. ‘जे व्हायचं ते होईल’ म्हणत लोळायची सोय तिथेच बंद केलीये. अठराव्या अध्यायात तर त्रास होतो म्हणून काम सोडणं याला राजस, म्हणजे खऱ्या त्यागाहून खालच्या प्रतीचा त्याग म्हटलंय, आणि त्याने त्यागाचं फळही मिळत नाही.

फळात न अडकता मन लावून काम करण्याचं बेस्ट उदाहरण मला गीतेत नाही तर तिच्या आधी, महाभारताच्या उद्योगपर्वात सापडतं, ते म्हणजे कृष्णशिष्टाई. युद्ध टळावं म्हणून कृष्ण हस्तिनापूरला जातो, रात्री विदुराच्या घरी असताना विदुर सरळ सांगतो की दुर्योधन काही ऐकायचा नाही, तू यायलाच नको होतंस. कृष्णालाही ते दिसत असतंच. तरी तो म्हणतो की धर्माचं काम आपल्या ताकदीनुसार झटून केलं आणि तडीस नाही गेलं तरी त्याचं पुण्य मिळतंच. आणि मग दुसऱ्या दिवशी सभेत नुसतं उरकायचं म्हणून बोलत नाही हां, धृतराष्ट्राला समजावतो, दुर्योधनाला वेगळं समजावतो, उलट कृष्णालाच बांधून ठेवायचा बेत होतो, तरी निघताना कर्णाला रथात घेऊन त्याच्याशीही बोलून बघतो. तह होत नाही. तो परत येऊन पांडवांना काय काय झालं ते सांगतो आणि पुढच्या तयारीला लागतो.

म्हणजे तह व्हावा ही इच्छा होती, प्लॅनिंग होतं, प्रयत्न तर शंभर टक्के होते. नव्हतं ते एवढंच, की ‘झालंच पाहिजे, नाहीतर माझं सगळं वाया गेलं’. तुम्हाला सोडायचंय ते हेच, पास व्हायचं ध्येय नाही.

आणि ते का सोडायचं याचं कारणही गीता देते, अगदी हिशोबी आहे (१८.१४). कुठल्याही कामामागे पाच गोष्टी असतात, अधिष्ठान (म्हणजे कामाचा आधार, शरीर), कर्ता, साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. कर्ता पाचातला एक! तुमच्या बाबतीत बघा, तब्येत कशी राहील, पेपर कसा निघेल, बाकीच्यांनी काय लिहिलं, यातलं किती तुमच्या हातात आहे? मी तर कुठलंही मोठं काम हातात घेतलं की आधी हेच बघतो, यातलं माझं काय आणि माझं नसलेलं काय, मग दुसऱ्या भागाची काळजी डोक्यात आली तरी तिला फार वेळ बसू देत नाही. कायम जमतं असं नाही, पण झोप लागते.

जाता जाता एक, हा श्लोक स्वतःला सांगायचा आहे. कोणी तुमचा ठरलेला पगार अडवून ‘फळाची अपेक्षा ठेवू नका’ म्हणत असेल तर ती गीता नव्हे, पैसे मागून घ्या.

राहिलं निकालाचं. वाईट लागला तर वाईट वाटणारच, रडू आलं म्हणजे आपल्याला निष्काम कर्म जमलंच नाही असं अजिबात समजू नका. अख्खी गीता समोर बसून ऐकलेला अर्जुन, पण अभिमन्यू गेल्यावर तोही कोसळलाच की, आणि तेव्हा कृष्णाने त्याला श्लोकाची आठवण करून देऊन टोमणा नाही मारला, धीरच दिला.