नाक आणि रेघ

प्रश्न : निवृत्तीनंतर मी पेन्सिलीने व्यक्तिचित्रे काढू लागलो आहे. सध्या एका जुन्या छायाचित्रावरून माझ्या दिवंगत आईचे चित्र काढत आहे. डोळे आणि ओठ जमतात, परंतु नाक दर वेळी वरून चिकटवल्यासारखे दिसते. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मी छायाचित्रावरून मोजून घेतो, तरीही असे का होते?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अडचण बहुधा त्या रेघांमध्येच आहे. डोळ्याला पापणीची कड असते, मिटलेल्या ओठांच्या मध्ये स्पष्ट रेघ असते; समोरून पाहिलेल्या नाकाला मात्र भुवयांपासून शेंड्याजवळ येईपर्यंत तशी कड जवळजवळ नसतेच. नाकाची बाजू उतरत उतरत गालात मिसळते आणि आपल्याला दिसतो तो केवळ उजेडातला फरक. त्या फरकाच्या जागी ठसठशीत रेघ आली, की नाक गालापासून तुटते.

म्हणून आधी नाकाचे चार पृष्ठभाग मनात पक्के करावेत : वरचा दांडा, दोन उतरत्या बाजू आणि खालचा तळ, ज्यात नाकपुड्यांची छिद्रे असतात. उजेड वरून आणि डावीकडून येत असेल, तर दांडा सर्वांत उजळ, डावी बाजू किंचित मंद, उजवी बाजू गडद आणि तळ बहुतेक वेळा त्याहूनही गडद दिसतो. शिवाय नाकाची पडछाया वरच्या ओठावर उतरते. ही पडछाया नवशिके हमखास विसरतात, आणि नाक चेहऱ्यातून पुढे आलेले आहे हे तर तीच सांगते.

हे समजण्यासाठी एक प्रयोग आवर्जून करावा. गणेशोत्सवाच्या आधी पुण्याच्या बाजारात शाडूची माती सहज मिळते. तिचे तळहाताएवढे नाक पाटावर घडवून वाळू द्यावे. वरचा भाग हाडाचा आणि खालचा कूर्चेचा असतो, आणि हाड संपते तिथे पुष्कळांच्या नाकावर हलकासा उंचवटा असतो, तो बोटांनी स्वतःच्या नाकावर चाचपून मातीत उतरवावा. वाळलेल्या शाडूचा रंग सगळीकडे एकसारखा असल्यामुळे डोळ्यांना फसवणारे काही उरत नाही. मग टेबलावरचा दिवा एकदा वर, एकदा बाजूला, एकदा खाली ठेवून प्रत्येक वेळी फक्त छाया रंगवावी, कडेची एकही रेघ न काढता. अशी दहा-बारा चित्रे झाली, की आपल्या आईच्या छायाचित्रात काय पाहायचे ते आपोआप दिसू लागेल.

छायाचित्र समोरून फ्लॅश मारून घेतलेले असेल, तर नाकावरच्या बहुतेक छाया त्याने पुसून टाकलेल्या असतात, आणि अशा चित्रावरून कितीही मोजले तरी हाती कडाच लागतात. घरच्या अल्बममध्ये खिडकीपाशी किंवा अंगणात घेतलेले एखादे छायाचित्र शोधावे. ते लहान किंवा धूसर असले तरी चालेल, कारण त्यातून छायांच्या जागा घ्यायच्या आहेत.

मापाचा एक ठोकताळा असा, की दोन्ही नाकपुड्यांची मिळून रुंदी साधारणपणे दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधील अंतराएवढी असते. परंतु वयानुसार नाकाचा शेंडा थोडा खाली झुकतो, आणि वयस्क आईच्या चेहऱ्यातली ओळखीची खूण कदाचित तीच असेल. तिथे ठोकताळ्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा. नाकपुड्यांची छिद्रे काळी भोके म्हणून रंगवू नयेत. त्यांची वरची कड गडद ठेवून खालची कड विरत जाऊ द्यावी. आईच्या नाकात चमकी असेल, तर तेवढा कागद सुरुवातीपासून कोरा राखावा आणि सर्व छाया झाल्यावर तिच्या खाली सावलीचा एक बारीकसा ठिपका द्यावा. एवढ्याशा ठिपक्याने चमकी त्वचेवर टेकते.

प्रश्न : मी इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षा दिली आहे. नाकाच्या शेडिंगसाठी ८बी पेन्सिल घ्यावी का, आणि छाया बोटाने पसरवली तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ८बी, म्हणजे फार मऊ आणि गडद पेन्सिल, सध्या नको. एचबी, २बी आणि ४बी पुरतात. बोटावरचे तेल कागदाला लागले, की त्या जागी शिसे डागासारखे धरते आणि नंतर खोडले जात नाही. त्याऐवजी एचबीने हलक्या हाताने, नाकाच्या गोलाईच्या दिशेने रेघांचे थरावर थर द्यावेत आणि ४बी फक्त छिद्रांच्या वरच्या कडेसाठी राखून ठेवावी. शेंड्यावरची चकाकी कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबराला टोक काढून, दाबून उचलावी, घासू नये.