पाण्याचा पत्ता आणि पाण्याचं वय: वाचकांचे प्रश्न, लॅबमधून उत्तरं

प्रश्न: पाणी म्हणजे एचटूओ, सगळीकडे सारखंच की. मग विहिरीत आलेलं पाणी पावसाचं, नदीचं की शेजारच्या तलावातून झिरपलेलं, हे लॅबमध्ये बसून कसं काय सांगता?

दिसायला सारखं, पण वजनाला सारखं नसतं. समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजनमागे साधारण १५६ जड असतात, ते ड्यूटेरियम, आणि दर हजार ऑक्सिजनमागे साधारण २ जड असतात, ते ऑक्सिजन-१८. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड प्रकारांना आयसोटोप म्हणतात. वाफ होताना हलके रेणू जरा जास्त उडतात, पाऊस पडताना जड रेणू आधी पडतात, त्यामुळे ढग समुद्रापासून जसजसा आत सरकतो किंवा डोंगर चढतो तसतसा त्याचा पाऊस हलका होत जातो. समुद्राच्या पाण्यात जेवढा ऑक्सिजन-१८ आहे त्याचे हजार भाग धरले, तर नुसत्या उंचीमुळे दर १०० मीटरला तो साधारण ०.१५ ते ०.५ भागांनी कमी होतो, आणि एवढा फरक आमच्या मशीनला नीट दिसतो. म्हणून एखाद्या झऱ्याचं पाणी डोंगराच्या वरच्या अंगाला मुरलं की खालच्या, हे सांगता येतं.

१९६१ साली अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी जगभरातले नद्या, तलाव, पाऊस असे जवळपास ४०० नमुने एका ग्राफवर टाकले आणि बहुतेक सगळे एका सरळ रेषेत आले: ऑक्सिजनच्या आकड्याला ८ नं गुणा, १० मिळवा, की ड्यूटेरियमचा आकडा (आकडा म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा दर हजारी किती कमी-जास्त, तो फरक). उन्हात आटलेलं तलावाचं पाणी मात्र या रेषेवर राहत नाही, ते खाली घसरतं आणि त्याची स्वतःची रेषा बरीच चपटी असते, उतार ८ ऐवजी ४ ते ६. तर तलाव विहिरीत झिरपत असेल तर विहिरीचा नमुनाही रेषेच्या खाली सापडतो आणि किती टक्के पाणी तलावाचं हेही काढता येतं. अट एकच, की दोन्ही पाण्यांचे आकडे एकमेकांपासून पुरेसे लांब हवेत. नदी आणि स्थानिक पाऊस दोन्ही सारखेच निघाले तर रिपोर्टमध्ये 'यावरून सांगता येत नाही' असं स्पष्ट लिहायचं. तेही उत्तरच आहे, आणि ते लिहायला लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न: माझी मुलगी अशा लॅबमध्ये जॉइन होतेय. आयसोटोप म्हटलं की रेडिएशन आठवतं. काळजीचं काही आहे का?

तुमची काळजी समजते, म्हणून आकड्यात सांगते. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ रेडिओॲक्टिव्ह नाहीतच, ते कायम तसेच राहतात आणि आपल्या सगळ्यांच्या शरीरातही आहेत. ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा आणखी जड प्रकार, रेडिओॲक्टिव्ह आहे, पण आम्ही जे मोजतो ते आधीच पावसात असलेलं. साध्या पावसाच्या लिटरभर पाण्यात ते साधारण १ बेक्वेरेलच्या (सेकंदाला एक अणू फुटणं, हे किरणोत्साराचं माप) आसपास भरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी आहे लिटरला १०,००० बेक्वेरेल. म्हणजे इथे पाण्यापासून माणसाला जपायचं नसतं, माणसापासून पाण्याला जपायचं असतं. काही घड्याळांच्या चमकणाऱ्या काट्यात ट्रिटियम असतं, तसलं घड्याळ घालून ट्रिटियम लॅबमध्ये कुणाला येऊच देत नाहीत, नाहीतर नमुने खराब होतात.

काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टींची: लिक्विड नायट्रोजन बंद खोलीत सांडलं तर श्वासाला ऑक्सिजन कमी पडतो, दाबाखालचे गॅस सिलिंडर असतात, ॲसिड असतात, पाण्याचं वय काढायला लागणारे कार्बनचे नमुने जुन्या पद्धतीनं घ्यायचे तर बेरियम क्लोराइड वापरतात आणि ते विषारी आहे. तिला पहिल्याच दिवशी विचारायला सांगा की ऑक्सिजन अलार्म कुठे आहे आणि तो शेवटचा कधी तपासला.

प्रश्न: आमच्या बोअरवेलच्या रिपोर्टमध्ये पाण्याचं वय हजारो वर्षं आलंय. एवढं जुनं पाणी प्यायला चालेल का? आणि संपेल का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. वयामुळे पाणी नासत नाही. पिण्यायोग्य आहे की नाही हे फ्लोराइड, आर्सेनिक, क्षार, जंतू यांच्या टेस्टवरून ठरतं, आमच्या आकड्यावरून नाही. हां, जुनं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं असतं त्यामुळे खडकातलं काही विरघळलेलं असू शकतं, म्हणून ती केमिकल टेस्ट टाळू नका.

आता वयाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. हजारो वर्षांचं वय बहुतेकदा कार्बन-१४ या कार्बनच्या रेडिओॲक्टिव्ह प्रकारावरून काढतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, आणि साधारण ४०,००० वर्षांच्या पलीकडे मोजण्याइतकं काही उरत नाही. पहिली अडचण अशी की आपण पाण्याचं वय मोजतच नसतो, त्यात विरघळलेल्या कार्बनचं मोजतो. पाणी चुनखडीतून गेलं तर लाखो वर्षं जुना, कार्बन-१४ अजिबात नसलेला कार्बन त्यात मिसळतो आणि पाणी आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं. त्यासाठी करेक्शन करतात, कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या रेडिओॲक्टिव्ह नसलेल्या जड प्रकाराचा, आधार घेतात. तर रिपोर्टमधला आकडा करेक्शन केलेला आहे का, हे आधी विचारा.

दुसरी अडचण मिसळीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बोअरवेल एकाच थरातून पाणी घेते असं नाही, तिच्या पाइपला वरच्या थराचं नवं पाणीही येतं आणि खालच्या थराचं प्राचीनही. समजा निम्मा कार्बन आजचा आणि निम्मा इतका जुना की त्यात कार्बन-१४ शून्य, तर हिशेबात वय येतं बरोबर ५,७३० वर्षं, आणि त्या वयाचं पाणी त्या विहिरीत थेंबभरही नसतं! घरात आजी ७० ची, नातू १० चा, सरासरी ४०, पण चाळिशीचं घरात कुणीच नाही, तसं. म्हणून मी एका आयसोटोपवर विश्वास ठेवून वय सांगत नाही, जोडीला ट्रिटियम मागतेच. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३२ वर्षं, म्हणजे ते सापडलं तर गेल्या काही दशकांतलं पाणी आत येतंय हे नक्की, आणि ज्या वाटेनं ते येतंय त्याच वाटेनं खत, सांडपाणी, नायट्रेटही येऊ शकतं. कार्बननं 'जुनं' म्हटलं म्हणून निर्धास्त राहायचं आणि पाच-दहा वर्षांनी नायट्रेट वाढायचं, असं होऊ नये म्हणून हा आग्रह.

आणि ट्रिटियम अजिबात नाही, कार्बन-१४ ही अगदी कमी, असं निघालं तर संपण्याची भीती खरी आहे. ते पाणी हळूहळूच भरतं किंवा आजच्या हवामानात जवळजवळ भरतच नाही. सहाराखालच्या न्यूबियन सॅंडस्टोन जलधराचं (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराचं) उदाहरण बघा, तिथे इजिप्तमधल्या विहिरींचं पाणी क्रिप्टॉन-८१ या रेडिओॲक्टिव्ह वायूनं तपासलं, ज्याचं अर्धायुष्य सव्वादोन लाख वर्षांहून जास्त आहे, आणि २००४ मध्ये छापून आलेली वयं साधारण २ लाख ते १० लाख वर्षं होती. असं पाणी उपसायचंच नाही असं मी म्हणणार नाही, लोकांना आज तहान आहे. पण पातळी नियमित मोजत, किती उरलंय ते जाणून, लेखी ठरवून उपसावं.

प्रश्न: बॉम्बच्या ट्रिटियमवरून वय काढतात असं वाचलं. अजूनही?

आता अवघड झालंय. १९५० च्या दशकापासून हवेत झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या पावसात ट्रिटियम प्रचंड वाढलं, १९६३ च्या सुमाराला शिखर, मग हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार झाला आणि ते उतरत गेलं. तेव्हापासून साधारण पाच अर्धायुष्यं गेली, म्हणजे त्यातलं बत्तिसाव्या हिश्श्याइतकं उरलं, ते आजच्या नैसर्गिक पातळीत मिसळून जातं. म्हणून ट्रिटियमपासून तयार होणारा हीलियम-३ सोबत मोजतात, म्हणजे मुळात ट्रिटियम किती होतं ते कळतं.

प्रश्न: नमुना कसा घ्यायचा? कुठलीही बाटली चालते का?

नाही, आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. घट्ट झाकणाची बाटली, काठोकाठ भरायची, आत हवा ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. झाकण सैल राहिलं की पाणी उडतं, आणि मग नमुना त्या तलावासारखा रेषेखाली जातो आणि आम्ही नसलेला तलाव शोधत बसतो. विहिरीतलं साठलेलं पाणी आधी पंपानं काढून टाका, मग भरा. बाटलीवर जागा, तारीख, खोली लिहा. महागातलं मशीनही बाटलीत झालेलं नुकसान भरून काढू शकत नाही.

प्रश्न: ताई, मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. या कामात दिवसभर नक्की काय करावं लागतं आणि मी आत्तापासून काय शिकू?

दिवसाचा मोठा भाग तुलनेत जातो बघ. लेझर मशीनमध्ये आधीच्या नमुन्याचा अंश राहतो, म्हणून एकच नमुना पाच-सहा वेळा टोचायचा आणि पहिले दोन-तीन आकडे सोडून द्यायचे. मधेमधे स्टॅण्डर्ड पाणी, म्हणजे ज्याचा आकडा आधीच पक्का माहीत आहे असं, टाकायचं, म्हणजे मशीन सरकतंय का ते कळतं. मूळ स्टॅण्डर्ड व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडून येतं, ते थोडंसंच मिळतं, म्हणून प्रत्येक लॅब त्याच्याशी जुळवून आपलं रोजचं स्टॅण्डर्ड बनवते आणि ते प्राणापलीकडे जपते. खारट पाणी सुईत मीठ साठवतं, झाडातून काढलेल्या पाण्यात मेथेनॉल असेल तर लेझर फसतो, तेव्हा जुनं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वजनानुसार वेगळं करून मोजणारं मशीन, कामाला येतं. ट्रिटियमचं काम तर फारच संथ, आधी पाणी डिस्टिल करायचं, मग विजेनं पाव-अर्धा लिटरचं थोड्या मिलिलिटरवर आणायचं, मग तासन् तास मोजणी, एक बॅच कित्येक आठवडे चालते. ज्याला घाई आवडते त्याला हे झेपत नाही, पण ज्याला एकेका आकड्याची जबाबदारी घ्यायला आवडते त्याला यासारखं काम नाही, खरंच सांगते.

केमिस्ट्री तुझी आहेच. स्टॅटिस्टिक्स आणि थोडं पायथन किंवा आर (आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषा) शिक, आणि भूजलशास्त्राचा एक कोर्स कर, कारण खडक न कळणाऱ्या माणसाला आकडा काय म्हणतोय ते समजत नाही. सुट्टीत फील्डवर जा, निदान बाटल्या भरायला. आणि वाट बघत बसू नकोस: त्याच व्हिएन्नाच्या संस्थेनं जागतिक हवामान संघटनेबरोबर १९६० साली पावसाच्या आयसोटोपचं जागतिक जाळं सुरू केलं, त्याचा डेटा रजिस्टर केलं की फुकट मिळतो. एक स्टेशन निवड, क्रेगची रेषा स्वतः काढ, तुझा उतार ८ च्या किती जवळ येतो ते बघ, आणि लांब गेला तर का गेला असेल ते लिहून मला पाठव, मी वाचेन.