नाण्यांच्या जादूत हाताचे कौशल्य प्रेक्षकांना दिसावे का?

आपला प्रश्न असा आहे की, बोटांच्या पेरांवरून नाणे फिरवणे, ते एका हातातून दुसऱ्या हातात उडवणे असे अवघड प्रकार दोन वर्षांच्या सरावाने आपल्याला चांगले जमू लागले आहेत, लोक टाळ्याही वाजवतात, परंतु नाणे नाहीसे केल्यावर कुणी थक्क होत नाही. मी नोकरी सांभाळून गेली अठरा वर्षे हा छंद जोपासतो आहे आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षे नेमका याच जागी अडकून पडलो होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपला सराव पुरेसा आहे; अडचण एवढीच की तो दिसतो. नाणे नाहीसे होताच पाहणाऱ्याचे मन कारण शोधू लागते, आणि त्याआधी मिनिटभर आपण तेच नाणे चारही बोटांवरून धावते ठेवले असेल, तर 'याचे हात फार चलाख आहेत' हे कारण आपणच त्याला आयते पुरवलेले असते. नाणे कुठे गेले हे त्याला कळत नाही, पण आता ते कळण्याची त्याला गरजही वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत माझे एक सहकारी दर वेळी म्हणत, "साहेब, जादू आहे तुमच्या बोटांत!" ही दाद मी कित्येक वर्षे प्रशस्तिपत्रकासारखी मिरवली. एखाद्या गायकाविषयी जाणकार श्रोता 'तयारी जबरदस्त आहे' एवढेच बोलून चहाकडे वळतो, तेव्हा गाण्याविषयी त्याचे काय मत झाले असेल, हे मला कुणी वेगळे सांगावे लागले नसते. स्वतःच्या बाबतीत मात्र ते ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले मावशीकडे. जेवणे आटोपली होती आणि काहीतरी करून दाखव म्हणून तिनेच आपल्या बटव्यातले दहा रुपयांचे नाणे काढून दिले. माझी बोटे वरणभाताने अजून चिकट असल्यामुळे कसरतीचा प्रश्नच नव्हता. मी नाणे डाव्या हातात ठेवल्यासारखे केले, मूठ मिटली, आणि तिच्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे हे विचारले. ती दोन-तीन मिनिटे डॉक्टर, तेल आणि जिना यांविषयी बोलत राहिली. मग मी सावकाश मूठ उघडली. टाळी वाजली नाही. तिने माझा पंजा उलटा करून पाहिला, समोरचे ताट उचलून त्याखाली पाहिले, आणि काहीशा धास्तावलेल्या आवाजात म्हणाली, "अरे, माझे दहा रुपये?" त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कुणीतरी खरोखर चकित झालेले दिसले, आणि मी जवळजवळ काहीच केलेले नव्हते.

यात दोन गोष्टी कामी आल्या. पहिली म्हणजे मध्ये गेलेला वेळ. नाणे हातात ठेवण्याचा क्षण आणि ते नसल्याचे उघड होण्याचा क्षण इतके दूर गेले की तिला मागे जाऊन चूक नेमकी कुठे झाली हे शोधता येईना. दुसरी म्हणजे हालचालीचा साधेपणा, आणि हीच अधिक कठीण. आपण खरोखर नाणे या हातातून त्या हातात ठेवतो तेव्हा कसे ठेवतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. मोबाइलवर स्वतःचे चित्रण करून आधी दहा वेळा नाणे खरेच ठेवा, मग एकदा खोटे ठेवा, आणि फरक शोधा. माझ्या चित्रणात खोट्या वेळी मूठ जास्तच घट्ट मिटत असे, आणि नाणे दडवलेल्या उजव्या हाताचा अंगठा खुंटीसारखा ताठ उभा राहत असे. त्यावर उपाय म्हणून मी महिनाभर तळहातात नाणे धरून त्याच हाताने चहाचा कप उचलत होतो, पाने उलटत होतो, सह्या करत होतो. (एका सहीवरून बँकेने धनादेश परत केला, पण अंगठा सैल पडला.)

नजरेचेही तसेच आहे. गुस्ताव कून आणि मायकल लँड या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा खराखुरा वर उडवतो आणि तिसऱ्यांदा तो हातातच ठेवून नुसता उडवल्याचा आव आणतो. तिसऱ्या वेळी त्याने स्वतः वर पाहिले, तर बहुसंख्य प्रेक्षकांना चेंडू वर गेलेला दिसला. त्याने आपल्या हाताकडे पाहिले, तर हा भास होणाऱ्यांची संख्या बरीच घटली. प्रेक्षक चेंडूबरोबरच जादूगाराच्या चेहऱ्याकडेही पाहत होते, असे त्यांच्या नजरेच्या नोंदींत आढळले. म्हणजे नाणे ज्या मुठीत आहे असे भासवायचे, त्या मुठीवर आपला स्वतःचा विश्वास बसलेला दिसला पाहिजे; बोटांचा वेग तेथे उपयोगी पडत नाही.

कौशल्य उघडपणे दाखवणारी परंपराही मोठी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. अमेरिकेत रेल्वेच्या तारखात्यात काम केलेल्या टी. नेल्सन डाउन्स यांनी १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये हवेतून नाण्यांमागून नाणी पकडून टोपीत टाकण्याचा खेळ केला आणि मोठे नाव मिळवले. ते स्वतःला नाण्यांचा राजाच म्हणवून घेत. परंतु तेथेही नाणे हवेतून यावे लागते. ते पंजाच्या मागून आले असे प्रेक्षकाला क्षणभर जरी वाटले, तरी उरते ती फक्त कसरत. रंगमंचावरच्या अंतरामुळे आणि एकामागून एक येणाऱ्या नाण्यांच्या ओघामुळे डाउन्स यांना ते साधले असावे. आपण हातभर अंतरावर बसलेल्या चार माणसांसमोर एकच नाणे घेऊन बसतो, तेव्हा ती सवलत आपल्याला नसते.

म्हणून माझा सल्ला असा की, पेरांवरून नाणे फिरवणे सोडू नका, कारण त्याने बोटे मोकळी राहतात, पण प्रयोगात ते आणू नका. मी स्वतः ते आता फक्त बसची वाट पाहताना करतो, आणि तेही शेजारी कुणी उभे नसेल तर.