वाचक विचारतात : प्राथमिक वर्गातील चित्रकलेचा तास

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. त्याच्या शाळेत यंदा आलेल्या चित्रकलेच्या बाई फळ्यावर चित्र काढून देत नाहीत आणि मुलांच्या चुकाही सुधारत नाहीत. मुलाने बैलगाडी काढली, तर तिची दोन्ही चाके शेजारी शेजारी आणि दोन बैलांचे आठही पाय एका रांगेत. घर काढले, तर भिंतीतून आतला पलंग आणि गॅसची शेगडी दिसते. बाईंनी फक्त त्याला चित्राविषयी चार प्रश्न विचारले आणि वही परत दिली. अशाने मूल चित्र काढायला शिकणार कसे?
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रावरून तरी या बाई आपले काम उत्तम जाणतात, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो. सात-आठ वर्षांचे मूल डोळ्यांसमोरच्या वस्तूची नक्कल करत नसते. त्या वस्तूविषयी त्याला जे जे ठाऊक आहे, ते ते कागदावर मांडत असते. गाडीला दोन चाके असतात हे त्याला पक्के माहीत आहे. बाजूने पाहिल्यावर एक चाक दुसऱ्याआड जाते, या गोष्टीची त्याला अजून मातब्बरी वाटत नाही. घरात पलंग आहे, तर मध्ये भिंत आली म्हणून तो का गाळायचा?

व्हिएन्नात अंध मुलांना शिकवलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या अवस्था वयानुसार मांडल्या आहेत. साधारण दोन ते चार या वयात गिरगोट्या, चार ते सात या वयात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे, आणि सात ते नऊच्या सुमारास माणूस, झाड, घर अशा प्रत्येक गोष्टीसाठी मुलाने स्वतःचा ठरवून टाकलेला एक आकार, असा तो क्रम आहे. आरपार दिसणारे घर, कागदाच्या तळाशी ओढलेली जमिनीची रेघ आणि तिच्यावर ओळीने उभी असलेली झाडे-माणसे, रिंगण करून बसलेली मुले दाखवताना चारही दिशांना आडवी पडलेली माणसे, ही सारी या तिसऱ्या अवस्थेची ओळखीची लक्षणे आहेत. वयाचे आकडे प्रत्येक मुलाला तंतोतंत लागू पडत नाहीत आणि ही मांडणी सगळ्याच अभ्यासकांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. तरीही ती माहीत असलेला शिक्षक जिथे चूकच नाही तिथे लाल रेघ मारत नाही, एवढा तिचा उपयोग निश्चित आहे.

आता फळ्यावर चित्र न काढण्याविषयी. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणावळणाची नदी, काठावर कौलारू झोपडी आणि बाजूला नारळाचे झाड, हे चित्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत दिसते. जिच्या गावची नदी वर्षातले आठ महिने कोरडी असते, अशी मुलगीही तीच भरलेली नदी काढते, कारण ती तिने नदीकडे पाहून काढलेली नसते, फळ्याकडे पाहून काढलेली असते. फळ्यावरच्या चित्राने वर्ग शांत राहतो, वह्या एकसारख्या आणि नीटनेटक्या दिसतात, पालकही खूश होतात; पण मुलाची स्वतःच्या रेषेवरची श्रद्धा त्यात जाते आणि चौथी-पाचवीपर्यंत ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी पक्के बसते. हे नुकसान पुढे भरून काढणे फार अवघड असते, म्हणून मी त्याविरुद्ध इतक्या आग्रहाने लिहितो.

पण फळा कोरा ठेवणे म्हणजे शिकवणे सोडून देणे नव्हे, आणि तुमची खरी शंका मला वाटते तीच आहे. समजा, विषय आहे ‘पावसातून शाळेत येताना’. एवढे फळ्यावर लिहून शिक्षक खुर्चीत बसला, तर मुले आठवणीतली छत्री, म्हणजे एक अर्धगोल आणि एक दांडी, काढून मोकळी होतील. चांगला शिक्षक पहिली दहा मिनिटे वर्गाला उभे करतो. छत्री धरून दाखवा. आता समोरून वारा आला, छत्री कुठे वळवाल? दप्तर भिजू नये म्हणून ते कुठे घेतले? चिखलात पाय टाकताना गुडघा किती उचलला? चप्पल रुतली तर तोल कसा सावरला? मुले वाकतात, कोपर दुमडतात, एका पायावर उभी राहतात. त्यानंतर काढलेल्या चित्रांत आजवर काठीसारखा सरळ असलेला हात कोपरात वाकलेला दिसतो, आणि तो शिक्षकाने वाकवलेला नसतो. मुलाचे चित्र पुढे न्यायचे ते असे, त्याच्या अनुभवात भर घालून. बाईंनी विचारलेले ते चार प्रश्न मला म्हणूनच शेऱ्यापेक्षा मोलाचे वाटतात.

घरी तुम्ही एक पथ्य पाळा. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका, अगदी त्याने गळ घातली तरी. ‘मला घोडा काढून दे’ असे तो म्हणाला, तर घोड्याच्या मानेवर काय असते, तो धावताना त्याच्या शेपटीचे काय होते, असे विचारा. उत्तर देता देता तोच पेन्सिल हाती घेतो.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा दोन शिक्षकी आहे आणि तीन इयत्ता मी एकत्र सांभाळते. चित्रकलेचे प्रशिक्षण मला नाही, रंग-कागदाला पैसेही नाहीत. मुलांकडून वारली चित्रे काढून घेते. आणखी काय करता येईल?
– एक शिक्षिका, पालघर जिल्हा

उत्तर : तुमची अडचण तुमच्या एकटीची नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच कलाशिक्षक, हे गृहीत धरलेले आहे. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना शिकवण्यासाठी तुम्हाला स्वतःला सफाईने चित्र काढता येण्याची गरज मात्र नाही. मुलाशी त्याच्या चित्राविषयी बोलता आले पाहिजे, आणि ते तुम्हाला येते.

साधनांच्या बाबतीत आपल्याकडेच मोठे उदाहरण आहे. शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेले देवी प्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हाताने काम करत शिकण्याच्या पद्धतीच्या, शाळेत कलाशिक्षक झाले. कला हा फावल्या वेळचा विषय नसून शिक्षणाचा पायाच आहे, असे ते आयुष्यभर मांडत राहिले. परिसरातल्या साध्या वस्तूंतून काम करण्याची शिकवण त्यांच्या गुरूंकडूनच आलेली होती. तुम्हीही तेच करू शकता. गेरू, पिवळी माती आणि कोळसा वेगवेगळे कुटून पातळ फडक्यातून चाळून घ्या. पांढऱ्यासाठी उरलेल्या खडूंची पूड वापरा. चुना मुलांच्या हाती देऊ नये, तो कातडीला आणि डोळ्यांना इजा करतो. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी या पुडीत कालवले की रंग कागदाला धरतो आणि वाळल्यावर हाताला लागत नाही. लागलाच तर डिंक थोडा वाढवावा. हळद सुरेख दिसते, पण उन्हात लवकर उडते. जुनी वर्तमानपत्रे, खोक्यांचे पुठ्ठे आणि शाळेची सारवलेली ओटी हे तुमचे कागद. तीन इयत्तांना विषय एकच द्या. पहिलीचे मूल बाजारातला एक माणूस काढील, तिसरीचे मूल अख्खा बाजार.

वारलीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती तुमच्या मुलांच्या घरची कला असू शकते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीसाठी घराच्या भिंतीवर काढायचे चौकोनी चित्र, सुवासिनी तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने लिहितात. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी त्या विधीबाहेर जाऊन रोज चित्रे काढली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांच्या चित्रांत मासेमारीचे जाळे आहे, शेत आहे, मुंग्या आहेत, म्हणजे त्यांनी पाहिलेले जग आहे. ‘दोन त्रिकोण जोडले की माणूस झाला’ एवढेच मुलांना दिले, तर तो पुन्हा फळ्यावरचा डोंगरच होतो. त्याऐवजी एखाद्या मुलीच्या आजीला शाळेत बोलवा, चौक काढताना ती कोठून सुरुवात करते ते मुलांना पाहू द्या, आणि मग त्यांनी आपल्या पाड्यावरची काल घडलेली गोष्ट त्यांना सुचेल त्या आकारांत काढावी.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे आणि चित्रे चांगली काढते. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी आतापासून क्लास लावावा का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : लावू नये. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा माध्यमिक शाळेतील मुलांसाठी आहेत. त्यांतले वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीकाम), कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने आकृत्या काढणे) आणि अक्षरलेखन हे विषय त्या वयात शिकण्याजोगे आहेत आणि तेव्हा एका वर्षाच्या नीट सरावात ते जमतात. चौथीतल्या मुलीला मडक्याच्या छायाप्रकाशाला जुंपले, तर हात सफाईदार होईल, पण तिला काय काढायचे आहे हा प्रश्न मागे पडेल. क्लासच हवा असेल, तर जिथे माती, कागदकाम आणि ठसेकाम चालते आणि जिथल्या भिंतीवरची चित्रे एकमेकांसारखी दिसत नाहीत, असा पाहा.

प्रश्न : सहा वर्षांचा नातू सगळे काही काळ्या रंगात काढतो. त्याच्या मनात काही दुःख असेल का?
– एक आजी, पुणे

उत्तर : आजी, केवळ रंगावरून तसा अर्थ काढू नये. या वयाची मुले रंग वस्तूशी जुळवून निवडतातच असे नाही. जो खडू हाताशी असतो किंवा पांढऱ्या कागदावर ठळक उमटतो, तो उचलतात, आणि काळा सर्वांत ठळक उमटतो. त्याला एकदा काळा किंवा गडद निळा कागद आणि साधे पांढरे-पिवळे खडू देऊन पाहा. त्याची झोप, भूक, खेळणे यांत फरक पडला असेल, तर मात्र चित्रांची वाट न पाहता वर्गशिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.