पावसाळ्यात कॅमेरा घेऊन निघताय?

नव्या लेन्सचं नंतर बघू, आहे तो कॅमेरा पुरे. आधी उजेड कुठून येतोय ते पाहायची सवय लावा. मरीन ड्राइव्ह काय, हरिश्चंद्रगडचा कोकणकडा काय, दोन्ही पश्चिमेला तोंड करून. तिथे भरदुपारी जाऊन आकाश पांढरंफटक आलं म्हणून कुरकुरू नका.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- सूर्य बुडाला की बहुतेक जण ट्रायपॉड गुंडाळतात. तुम्ही थांबा. पुढच्या २०-३० मिनिटांत आकाश गडद निळं होतं, रस्त्यावरचे दिवे लागतात आणि दोन्ही उजेडांचा मेळ बसतो. शहर टिपायची खरी वेळ हीच.
- माळशेजच्या धुक्यात कॅमेरा फसतो, पांढरं धुकं करडं करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कॅमेऱ्यातल्या सेटिंगमध्ये +१ करा. आणि फ्रेममध्ये एखादं झाड, एखादा छत्रीवाला हवाच, नाहीतर नुसता पांढरा कागद.
- एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या. लगेच बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते.

फिल्टर, एचडीआर (कमीजास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणं) सध्या विसरा. पाऊस थांबेपर्यंत घरी बसूही नका. सर ओसरल्यावर हवा स्वच्छ होते, लांबचे डोंगर तेव्हाच दिसतात. फक्त कड्यावर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागेपुढे सरकू नका. शेवाळलेला कातळ फार निसरडा असतो.