शस्त्र ‘बाळगणे’, ‘वागवणे’ आणि ‘धरणे’

शस्त्रांच्या हक्काविषयीच्या अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत ‘कीप’ (ठेवणे) आणि ‘बेअर’ (वागवणे किंवा धरणे) अशी दोन इंग्रजी क्रियापदे असताना मराठी वृत्तपत्रे ‘शस्त्र बाळगण्याचा अधिकार’ असे एकाच क्रियापदावर का भागवतात आणि ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते ते चूक नसले तरी अपुरे आहे, आणि या दुरुस्तीवरचे खटले समजून घेताना हे अपुरेपण फार नडते.

‘बाळगणे’ म्हणजे जवळ असू देणे. नेमके कुठे, ते हे क्रियापद सांगत नाही. आपण भीती बाळगतो, आशा बाळगतो, मौनही बाळगतो. ‘विनापरवाना गावठी कट्टा बाळगल्याप्रकरणी एकास अटक’ हे वाचून तो कट्टा कमरेला खोचलेला होता की घरातल्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली होता, हे कळत नाही. आपल्याकडे त्याने फारसे बिघडत नाही, कारण 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याविना दोन्ही गुन्हेच आहेत. अमेरिकेत मात्र हा फरक कळीचा ठरला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात 2008 च्या हेलर खटल्यात प्रश्न होता तो वॉशिंग्टनमध्ये राहत्या घरी पिस्तूल ठेवण्याचा, तर 2022 च्या ब्रुएन खटल्यात तेच पिस्तूल अंगावर घेऊन न्यू यॉर्कमध्ये घराबाहेर वावरण्याचा. दोन्हीकडे ‘बाळगणे’च लिहिले, तर दुसऱ्या निकालाने नवे काय दिले ते वाचकाला उमगणार नाही. म्हणून मी ‘शस्त्रे जवळ ठेवण्याचा व वागवण्याचा हक्क’ असे लिहीन. ‘ओझे वागवणे’ यातला ‘वागवणे’चा बरोबर घेऊन फिरण्याचा अर्थ इथे नेमका बसतो.

खरी अडचण पुढे आहे. 1791 च्या या दुरुस्तीची सुरुवात सुनियंत्रित नागरिक-सेनेच्या उल्लेखाने होते, त्यामुळे ‘बेअर’ला लष्करी अर्थ आहे का, असा वाद निघतो. हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी ‘बेअर आर्म्स’चा अर्थ शस्त्र जवळ घेऊन वावरणे असा लावला, न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतपत्रात तो सैनिक म्हणून शस्त्र हाती घेण्याचा वाक्प्रचार मानला. मराठीत या दुसऱ्या अर्थासाठी शब्द तयारच आहे. श्रीकृष्णाने भारतीय युद्धात शस्त्र न धरण्याचे ठरवले, याचा अर्थ त्याच्यापाशी शस्त्र नव्हते असा कोणीही मराठी माणूस करत नाही. तो लढणार नव्हता, एवढाच करतो. म्हणजे ‘शस्त्र धरणे’ लिहिले की भाषांतर स्टीव्हन्स यांच्याकडे झुकते आणि ‘वागवणे’ लिहिले की स्कालिया यांच्याकडे. निकालाच्या बातमीत ‘वागवणे’ योग्य आहे, पण वाद उलगडून सांगायचा असेल तर दोन्ही शब्द वाचकापुढे ठेवलेच पाहिजेत.

‘अधिकार’ऐवजी मी ‘हक्क’ म्हणतो, कारण संविधानाच्या मराठी पाठातही ‘मूलभूत हक्क’च आहेत. त्यांत शस्त्रांचाही समावेश व्हावा म्हणून सदस्य ह. वि. कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली होती, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. अनुच्छेद 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो, पण तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या हक्कात.