नवं सील, तरी तेलगळती

प्रश्न: बोटीच्या जुन्या डिझेल इंजिनाचं क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं, तरी तेल गळतंच. काय चुकलं?

उत्तर: आधी शाफ्ट बघा. जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेने, तिथे चर पाडलेला असतो. नख फिरवा, अडकलं, तर नवं सीलही गळणारच. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे बसवा, नाहीतर शाफ्टवर स्टीलची पातळ स्लीव्ह (नळीसारखं आवरण) चढवा. सीलमधल्या स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी आणि रबरी ओठाला तेल लावूनच सील सरकवा, कोरडा ओठ सुरुवातीलाच करपतो.

ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधला (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचातला) दाब बाहेर सोडणारी वाट, तपासलात का? बहुतेक जण तिथेच फसतात. तो तुंबला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं. मेन बेअरिंग (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो ते) ढिलं असेल तर आधी ते बदला, मगच सील.